नऊ तयार पट्ट्या

खोटं बोलायचं तर नीट बोलावं, हे माझं पहिल्यापासूनचं मत. अर्धवट खोटं बोलणाऱ्या माणसांचा मला भयंकर राग येतो. त्यामुळे हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, ती बदलावी लागेल, नऊ दिवस दवाखान्यात राहावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा घरी येताना बसमध्ये मी ऑपरेशनचा विचार केलाच नाही. भुंग्याला काय सांगायचं, याचा केला. आणि उतरायच्या आत ठरवून टाकलं की त्याला काहीही सांगायचं नाही.

भुंगा हा माझा भाचा. लहानपणी सतत कानाशी प्रश्नांची भुणभुण, म्हणून भुंगा. आता चौतीस वर्षांचा आहे, दाढी आहे, तरी भुंगाच. माझा भाऊ गेला तेव्हा हा सात वर्षांचा होता. वहिनी त्याच्या आधीच गेली होती. एक पत्र्याची ट्रंक आणि हा, असे दोघे माझ्या दारात येऊन उभे राहिले. मला मुलांची आवड वगैरे कधीच नव्हती. आजही नाही. हा एक सोडून.

तो हवामानखात्यात आहे. समुद्रात लांब एका बेटावर त्यांचं केंद्र आहे. तिथे चार माणसं राहतात आणि आळीपाळीनं दर तासाला वारा, हवेचा दाब, तापमान असं सगळं नोंदवतात. महिन्यातून एकदा बोट जाते. त्या बेटावर नेमणूक मिळावी म्हणून त्यानं ओळीनं चार वर्षं अर्ज केले होते. चौघांतला एक जरी मधेच निघून आला तरी उरलेल्या तिघांच्या नाकी नऊ येतात, आणि निघून आलेल्याला खातं पुन्हा तिकडे पाठवत नाही. त्याला जाऊन पाच महिने झाले होते. मी आजारी आहे असं कळलं असतं तर तो पुढच्या बोटीनं नक्की आला असता. आणि पुढची बोट नेमकी माझ्या ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तिथे पोचणार होती.

आता आम्ही बोलायचो कसं, ते सांगायला हवं, कारण खोट्याची सगळी मांडणी त्यावरच होती.

मी एकतीस वर्षं एका जहाज कंपनीच्या टेलेक्स खोलीत काढली. टेलेक्स म्हणजे दोन टोकांना दोन यंत्रं आणि मध्ये तार. इकडे टंकलं की तिकडे कागदावर उमटायचं. ती यंत्रं भंगारात गेली आणि पाठोपाठ मी निवृत्त झाले. बेटावर जायच्या आदल्या आठवड्यात भुंग्यानं त्याचा जुना लॅपटॉप माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि एक काळी खिडकी उघडली. चित्र नाही, बटणं नाहीत, नुसती लुकलुकणारी एक रेघ.

"हे काय?" मी म्हटलं.

"तिथे इंटरनेट इतकं बारीक आहे की फोनवरचं एकही ॲप उघडत नाही. पण अक्षरं जातात. तुला अक्षरं पुरतील ना?"

"एकतीस वर्षं पुरली."

मग त्यानं मला एक ओळ टंकायला शिकवली. आधी त्या उपकरणाचं नाव, एनकॅट. मग 'ऐकत बस' अशी एक खूण, मग 'कुलूप लाव' अशी एक खूण, आणि शेवटी कुठल्या दारात बसायचं त्याचा आकडा. एवढं टंकून एंटर दाबला की माझा लॅपटॉप दारात खुर्ची टाकून बसल्यासारखा वाट बघत बसायचा. मग भुंगा तिकडून यायचा, आणि तो लिहील ती ओळ माझ्याकडे, मी लिहीन ती त्याच्याकडे. मराठीच लिहायचो, पण रोमन अक्षरांत. त्या खिडकीत वेलांट्या आणि मात्रा कुठेही भरकटायच्या.

"पण कुलूप कशाला?" मी विचारलं. "आपल्यात चोरण्यासारखं आहे काय?"

"तुझ्या शिव्या. वाटेत दहा लोकांच्या हातांतून जातात त्या. फुकट का वाचू द्यायच्या?"

मला त्याचं नवल वाटलं, कारण टेलेक्सच्या खोलीत गुपित नावाची गोष्टच नसायची. कुणाला नोकरीवरून काढलं, कुणाला मुलगी झाली, कप्तानाची बायको का रुसली, सगळं आधी आम्हाला कळायचं. पण एक गोष्ट मात्र ओळखीची निघाली. टेलेक्सला 'तू कोण' असं एक बटण असायचं. ते दाबलं की पलीकडचं यंत्र आपली खूण आपोआप छापून पाठवायचं. ती खूण आल्याशिवाय शहाणा ऑपरेटर एक अक्षर पाठवत नसे. भुंगा म्हणाला, इथेही तसंच आहे. फक्त तुमच्या यंत्राची खूण कुणीही चोरून लावू शकायचा, इथे नाव पुराव्यासकट सांगावं लागतं. माझ्या लॅपटॉपनं आपलं प्रमाणपत्र दाखवायचं, तिकडे भुंग्याचं यंत्र ते त्याच्याजवळच्या प्रतीशी जुळवून बघणार, आणि जुळलं तरच बोलणं सुरू.

"म्हणजे पलीकडे माझंच यंत्र आहे, हे तुला पक्कं कळणार."

"पक्कं."

"आणि यंत्रापुढे मीच बसलेय, हे?"

"ते कुठल्याच यंत्राला कळत नाही, आत्या."

हे वाक्य मी डोक्यात नीट घडी घालून ठेवून दिलं.

माझ्या दोन अटी त्यानं मान्य केल्या. एक, प्रत्येक बोलण्याची नक्कल फाईलमध्ये राहिली पाहिजे. नक्कल न ठेवणारा ऑपरेटर मी माझ्या खोलीत टिकू दिला नव्हता. त्यानं त्या ओळीत आणखी एक खूण घातली आणि सगळं वेळेसकट आपोआप नोंदलं जाऊ लागलं. दुसरी अट ताळ्याची. आमच्याकडे निरोपात आकडे आले की निरोप घेणाऱ्यानं शेवटी ते सगळे पुन्हा टंकून पाठवायचे, म्हणजे चूक राहिली असेल तर तिथल्या तिथे कळते. भुंगा रोज संध्याकाळी पाचला यायचा, आज वारा इतका, दाब इतका, जेवायला इतके जण, असं सांगायचा; आणि शेवटी मी 'ताळा' असं लिहून सगळे आकडे परत पाठवायची. तो हसायचा. "घरच्या गप्पांना ताळा देणारी तू जगात एकटीच असशील," म्हणायचा. असेन. पाच महिन्यांत एकही आकडा चुकला नाही.

तर आता नऊ दिवसांचं खोटं. टेलेक्सवर लांबलचक निरोप आम्ही कधी थेट टंकत नसू. आधी यंत्र तारेपासून तोडून एका कागदी पट्टीवर भोकं पाडून निरोप तयार करायचा, तपासायचा, आणि मग तार जोडून पट्टी यंत्रात सरकवायची. पट्टी आपोआप धडधडत जाते, ऑपरेटर चहा पितो. मी तेच केलं. चार दिवस बसून नऊ फाईली तयार केल्या आणि त्यांना नावं दिली पट्टी एक ते पट्टी नऊ. प्रत्येकीत दहा-बारा ओळी. गॅलरीतल्या कुंड्या, जिन्यातला बंद पडलेला दिवा, वरच्या मजल्यावरच्या वकिलाचं कुत्रं. अधूनमधून "वा, छान", "असं का?", "बरं झालं सांगितलंस", म्हणजे तो काहीही बोलला तरी चालून जाईल. माझ्या हुशारीवर मी इतकी खूश होते की दोनदा तर छातीत दुखायचं विसरले.

पट्ट्या सरकवायला माणूस हवं होतं. शेजारच्या खोलीत टीपबाई राहते. ती लोकांचे कपडे शिवते. दिवसभर तिच्या मशीनची टीप आमच्या भिंतीतून ऐकू येते, म्हणून आख्खी इमारत तिला टीपबाई म्हणते. माझ्याहून बारा वर्षांनी लहान. मनानं लोणी आणि पोटात काही राहत नाही.

तिला समोर बसवलं. खिडकी कशी उघडायची, फाईल कशी कॉपी करायची, कशी डकवायची, हे तिच्याकडून सात वेळा करून घेतलं. मग बजावलं.

"एक अक्षर सांगायचं नाहीस. स्वतःचं काही टंकायचं नाही. पट्टी डकवायची, तो बोलेल ते बोलू द्यायचं, आणि खिडकी बंद."

"अहो ताई, पण त्यानं काही विचारलं तर?"

"विचारू दे."

"मला असलं जमत नाही हो. मला रडू येतं."

"रड की. ते अक्षरांत दिसत नाही."

सोमवारी मी दवाखान्यात दाखल झाले. बुधवारी झडप बदलली. त्याबद्दल लिहिण्यासारखं मला काही आठवत नाही आणि आठवायची इच्छाही नाही. टीपबाई रोज यायची, उशाशी बसायची, आणि मी पहिल्यांदा शुद्धीवर आल्यावर विचारलं ते हेच की पट्टी गेली का. "गेली," ती म्हणाली. रोज मी विचारायची आणि रोज ती खाली बघून "गेली" म्हणायची. मला वाटलं, बिचारीला खोटं बोलण्याचा त्रास होतोय. मनात म्हटलं, सवय होईल.

नवव्या दिवशी घरी आले. छातीवर वीतभर टाका, हातात गोळ्यांची पिशवी, आणि आत एक मोठा विजय. दहाव्या दिवशी संध्याकाळी पाचला मी स्वतः खिडकी उघडली.

"काय आत्या, काय म्हणतेस?" भुंगा आला.

"काही नाही रे. नेहमीचंच. वकिलाचं कुत्रं पुन्हा जिन्यात."

"त्याचं काहीतरी कर." मग वारा, दाब, तापमान. मी ताळा दिला. तो म्हणाला, "आज ताळा चांगला दिलास." मी म्हटलं, रोजच चांगला देते. "हो," तो म्हणाला. "रोजच." मला वाटलं, जिंकलं आपण.

दुसऱ्या दिवशी सकाळी नकला लावायला बसले. दर पंधरवड्याला मी त्या फाईली नीट तारीखवार लावते. नुसत्या पडलेल्या नकला मला बघवत नाहीत. टीपबाई माझ्यासाठी पेज घेऊन आली होती. मी नऊ दिवसांची फाईल उघडली आणि वाचू लागले. टीपबाईनं पेजेची वाटी टेबलावर ठेवली आणि दाराकडे सरकली.

"थांब तिथेच," मी म्हटलं.

सोमवारी भुंग्यानं वारा आणि दाब सांगितला होता. पट्टी एक गेली होती. त्याखाली त्याची ओळ होती: "आणि ताळा?"

मी कपाळावर हात मारला. ताळा! नऊ पट्ट्यांत एकीतही ताळा नव्हता. असणार कसा? जे आकडे अजून आलेलेच नाहीत ते परत कसे पाठवणार? एकतीस वर्षांची ऑपरेटर मी, आणि पट्टी तयार करताना हे माझ्या डोक्यात आलं नाही. पट्टी फक्त बोलू शकते, ऐकू शकत नाही, हे मला कुणी सांगायला हवं होतं?

मंगळवारी भुंग्यानं लिहिलं होतं, "काल रात्रीच्या वादळात वातमापी निखळला. मी आणि केंद्राचे साहेब दोर बांधून वर चढलो. माझं बोट पत्र्यात सापडलं, सहा टाके पडले."

त्यावर माझी पट्टी दोन धडधडत गेली होती: "वा, छान. असं नियमित चाललेलं ऐकलं की बरं वाटतं. रोज करत जा."

"आत्या?"

मग पुन्हा त्याचीच ओळ:

"हे कोण आहे? आत्यानं मला आतापर्यंत चाळीस शिव्या दिल्या असत्या."

खाली एक ओळ होती, दोन ठिकाणी चुकलेली. "मी टीपबाई. मला सांगायला बंदी आहे."

"टीपमावशी, मग सांगू नका. मी विचारतो, तुम्ही फक्त गप्प बसा. आत्या घरी आहे?"

कोरी ओळ.

"बाहेरगावी गेलीय?"

"नाही हो, ती कुठे जातेय."

"दवाखान्यात?"

कोरी ओळ. कोरी ओळ.

"टीपमावशी, तुम्ही गप्प आहात की उठून गेलात?"

"गप्प आहे."

मी मान वर करून टीपबाईकडे बघितलं. ती ओढणीच्या टोकानं डोळे टिपत होती. "मी एक अक्षर सांगितलं नाही हो ताई," ती म्हणाली. "शप्पथ. मी गप्प बसत गेले आणि त्याला सगळं कळत गेलं." अशा माणसावर रागवावं तरी कसं? फुफ्फुस, गुडघा, पोट करत करत तो हृदयापर्यंत पोचला होता, आणि 'हृदय' या शब्दाखाली टीपबाईच्या पाच कोऱ्या ओळी होत्या. मग "ऑपरेशन कधी? आज? परवा? उद्या?" 'उद्या'खाली पुन्हा कोऱ्या ओळी.

"मावशी, उद्या सकाळी सातला ही खिडकी उघडाल का? एवढं तर बंदीत बसत नाही ना?"

"नाही बसत," टीपबाईनं लिहिलं होतं. "उघडते."

बुधवारची नक्कल सात वाजून दोन मिनिटांनी सुरू होत होती. त्या वेळी मला चाकांच्या खाटेवरून आत नेत होते. मी सावकाश वाचू लागले.

"मावशी, बोट लागलीय. तासभर थांबेल. पिशवी भरून झाली. साहेबांना सांगितलं, ते म्हणाले जा. आत्याची आजची पट्टी आहे ना तयार? ती पाठवा."

"ती संध्याकाळची आहे रे."

"आत्ता पाठवा. मला जायच्या आधी बघायचीय."

पट्टी तीन. ही मी सगळ्यांत जास्त वेळ घेऊन लिहिली होती. ऑपरेशनच्या दिवसाची म्हणून तिच्यात कुठेही भीतीचा वास येऊ नये, यासाठी चार वेळा खोडली होती. त्यामुळे ती सगळ्यांत मूर्ख झाली होती. "आज विशेष काही नाही. जिन्यातला दिवा अखेर लागला. टीपबाईनं तुझा निळा शर्ट उसवून कॉलर उलटी लावून दिलीय, अगदी नवा दिसतो. गॅलरीत ऊन चांगलं येतं म्हणून आज तिथेच बसलेय. पाय लांब करून. काही दुखत नाही, खुपत नाही. तू तुझं काम कर."

काही दुखत नाही, खुपत नाही. मला कुणी विचारलं होतं का?

यानंतर एकवीस मिनिटं काही नव्हतं. मग:

"मावशी, मी थांबतोय. तिला सांगू नका की मला माहीत आहे. तिनं एवढी एकच जागा ठेवलीय, जिथे ती आजारी नाही. इथे ती गॅलरीत पाय लांब करून बसलीय. ते मी मोडणार नाही. तुम्ही दवाखान्यात जा, तिच्याजवळ थांबा. पण खिडकी बंद करू नका. उघडीच राहू दे."

टीपबाई गेली. घराला कुलूप लागलं. आणि रिकाम्या घरात, त्या टेबलावर, भुंग्याच्या ओळी येत राहिल्या.

"आठ वाजले. वारा वायव्येकडून, ताशी एकोणतीस. दाब हजार सहा. आत्या, ताळा दे."

"नऊ. वारा तेहतीस. दाब हजार चार. तू आत आहेस. ताळा दे."

"दहा. वारा एकतीस. मी सात वर्षांचा होतो तेव्हा पहिल्या रात्री तू मला म्हणालीस, मला लाड करता येत नाहीत, पण मी कुठे जाणार नाही. मला दोन्ही लक्षात आहेत. लाड तू करायचीस. ताळा दे, आत्या."

"अकरा. वारा मोजला नाही. पाच महिन्यांत पहिल्यांदा एक तास चुकवला. साहेब माझ्याजवळ बसलेत."

"बारा. अठ्ठावीस, हजार पाच. आत्या."

"एक. आत्या."

आणि दोन वाजून सोळा मिनिटांनी टीपबाईची ओळ. ती धावत घरी आली होती, हे तिनं मला तेव्हा सांगितलं नव्हतं. "बाहेर आणली. डोळे उघडले. पट्टी गेली का म्हणून विचारलं."

त्याखाली भुंग्यानं नुसता एंटर दाबला होता, ओळीनं नऊ-दहा वेळा.

पेज गार झाली. टीपबाईनं ती गरम करून आणली, पुन्हा गार झाली. मला राग आला होता आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. टीपबाईवर येत नव्हता. भुंग्यावर तर नाहीच. मी त्याला फसवत होते आणि तो मला फसू देत होता. मी दवाखान्यात पडल्या पडल्या ज्या विजयाच्या गुदगुल्या करून घेतल्या तो त्यानं मला उचलून हातात दिला होता, लहान मुलाला मुद्दाम डाव जिंकू देतात तसा. चार दिवस अजून गप्प बसले असते तर बसता आलं असतं. त्यानं तेच मागितलं होतं. पण माझ्याच्यानं होईना.

पाच वाजता तो आला. "काय आत्या, कुत्रं काय म्हणतंय?"

मी टंकलं, "नक्कल वाचली."



"सगळी?" त्यानं विचारलं.

"सगळी. बोटाचे टाके काढले का?"

"काढले. तुझे?"

"आठवड्यानं. रागावलास?"

"सोमवारी ताळा आला नाही म्हणून रागावलो होतो. मंगळवारी जास्त. बुधवारी वेळ मिळाला नाही."

मी हसले. हसलं की टाके ओढतात, हे तेव्हा कळलं. मग एक गोष्ट विचारायची राहिली होती, ती विचारली. "बुधवारी पिशवी भरली होतीस. ती एकवीस मिनिटं काय करत होतास?"

"चढलो होतो बोटीवर."

हे नकलेत नव्हतं. मी हात कळफलकावरून काढून मांडीवर ठेवले.

"चढलो, पिशवी ठेवली, खाली बसलो," ओळी येत होत्या. "मग उतरलो. म्हटलं, शुद्धीवर आल्यावर मी समोर दिसलो तर तू मला जन्मात माफ करणार नाहीस. इतकी मेहनत करून नऊ पट्ट्या लिहिल्यास तू."

मी तयारी न करता कधी काही पाठवलं नव्हतं. नोकरीतही नाही, घरातही नाही. टीपबाई मागे उभी होती, तिच्या हातात माझी संध्याकाळची गोळी होती. माझी बोटं चुकत होती, मी ओळ दोनदा पुसली, आणि मग पुसायचं सोडून तशीच पाठवली.

"केलं असतं माफ. मी भयंकर घाबरले होते, भुंग्या. भूल द्यायला आले तेव्हा मी दाराकडे बघत होते. तू येणार नाहीस याची सगळी तजवीज मीच केली होती, तरी दाराकडेच बघत होते."

तिकडून ओळ आली.

"आता सांगतेस!"

आणि लगेच दुसरी ओळ. "मी आलो असतो ना गं. मी बोटीत बसलो होतो."

"माहीत आहे," मी लिहिलं. टीपबाई मागे उघड उघड रडायला लागली होती. मी तिला गप्प बस म्हटलं नाही.

"पुढची बोट तीन आठवड्यांनी आहे," भुंग्यानं लिहिलं. "साहेबांनी महिनाभराची रजा विचारून ठेवलीय, आजारपणासाठी देतात म्हणे, परतही घेतात. मी तुला विचारणार नव्हतो. तू 'काम सोडून येऊ नकोस' म्हणणार. तरी विचारतो. येऊ?"

काम सोडून येऊ नकोस, हे मी गेल्या सत्तावीस वर्षांत किती वेळा म्हटलं असेल. परीक्षा सोडून, कॉलेज सोडून, नोकरी सोडून. बोटं आपोआप त्या अक्षरांकडे निघालीसुद्धा होती. मी ती थांबवली.

"ये," मी टंकलं, आणि एंटर दाबला.